बंद कॉम्प्युटरच्या माउसची लाल लाइट आणि कॅलिफोर्नियाचा कायदा

माझं सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि असेंबल करून द्यायचं छोटं दुकान आहे. परवा भाचा आला, बारावी संपवून इंजिनिअरिंगला चाललाय, त्याला पीसी पाहिजे, घरी सांगितलंय अभ्यासासाठी म्हणून पण लिस्ट बघितली तर निम्म्याच्या वर बजेट नुसत्या ग्राफिक कार्डात. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मामा, लवकर घेऊन टाकू, अमेरिकेत गेमिंग पीसीवर बंदी आलीय, जास्त वीज खातात म्हणून. आपल्याकडे पण येणार बघ." आणि मोबाईलवरचा व्हिडिओ पुढे केला.

ती भानगड २०२१ च्या जुलैमधली आहे. डेलने तेव्हा आपले काही ॲलियनवेअर अरोरा गेमिंग पीसी कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, हवाई, ओरेगन, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या सहा राज्यांत पाठवायचं थांबवलं होतं, कारण तिथल्या वीज वापराच्या नियमात ते बसत नव्हते. झालं, लगेच सगळीकडे बातमी, कॅलिफोर्नियाने गेमिंग बंद केलं. पण तो नियम नीट वाचला तर गंमत कळते: त्यात गेम खेळताना पीसी किती वीज खातो हे मोजतच नाहीत. एक वॅटसुद्धा नाही. तुम्ही रात्रभर गेम खेळून सहाशे वॅट जाळा, नियमाला त्याचं सोयरसुतक नाही. नियम विचारतो ते एवढंच, की बाबा तू जेव्हा काहीच करत नसतोस तेव्हा किती खातोस?

हे भाच्याला पटेना. मग मी त्याला दुकानातल्या बिलिंगच्या पीसीवरच दाखवलं, तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न मला गिऱ्हाईकं पण वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात, की साहेब बिल जास्त येईल का, पाचशे वॅटचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, घेतला तर पाचशे वॅट जाणार का, वगैरे.

आधी एक छोटा आकडा डोक्यात ठेवा. वर्षाचे तास होतात ८,७६०. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट, तेच युनिट जे महावितरणच्या बिलावर असतं. म्हणजे एखादी वस्तू एकच वॅट खात असेल पण वर्षभर अखंड खात असेल तर ८.७६ युनिट झाले, पावणेनऊच म्हणा. तासाला पैसाभर वाटतं ते असं साठत जातं, गळक्या नळाखाली बादली लावल्यासारखं.

आता कॅलिफोर्नियाचा हिशोब. त्यांच्या एनर्जी कमिशनने डिसेंबर २०१६ मध्ये हा नियम मंजूर केला, कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्हींसाठी, अमेरिकेत असा सक्तीचा नियम करणारं ते पहिलंच राज्य. लॅपटॉप आणि डेस्कटॉपला २०१९ च्या १ जानेवारीपासून लागू झाला आणि डेस्कटॉपचा जास्त कडक असा दुसरा टप्पा १ जुलै २०२१ पासून, म्हणून ती बातमी बरोबर जुलैतच आली. यात कॉम्प्युटरच्या चार अवस्था धरल्यात. एक, बंद, पण प्लग लावलेला. दोन, स्लीप. तीन, चालू आहे पण कुणी हात लावलेला नाही आणि स्क्रीनही काळी झालीय. चार, चालू आहे, स्क्रीनवर डेस्कटॉप दिसतोय, पण तुम्ही चहा प्यायला गेलाय. या चौथ्याला शॉर्ट आयडल म्हणतात आणि तिसऱ्याला लाँग आयडल. मग प्रत्येक अवस्थेत वर्षाचा किती वेळ जातो हे नियमानेच ठरवून दिलंय, डेस्कटॉपसाठी बंद ४५ टक्के, स्लीप ५ टक्के, लाँग आयडल १५ टक्के, शॉर्ट आयडल ३५ टक्के. दिवसाच्या भाषेत सांगायचं तर पीसी पावणेअकरा तास बंद, तासभर झोपलेला आणि उरलेले बारा तास नुसता चालू बसलेला. तुम्ही म्हणाल आम्ही त्यावर कामही करतो की. करता, पण एक्सेलमध्ये आकडा टाइप करताना किंवा वेबसाइट वाचताना प्रोसेसर जवळजवळ रिकामाच असतो, आपण एक बटण दाबून दुसरं दाबेपर्यंत त्याच्या हिशोबाने युग उलटून जातं. म्हणून आयडलचा आकडा साध्या वापराच्याही बराच जवळ असतो.

दुकानातला बिलिंगचा पीसी म्हणजे जुन्या पिढीचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, लोकल एसएमपीएस, कुणीतरी टाकून दिलेला मीच जगवलाय. प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचं वॅट मीटर माझ्याकडे आहे, ते लावलं. मॉनिटर वेगळ्या प्लगला, तो यात धरायचा नाही. नुसता डेस्कटॉप दिसतोय तेव्हा ४८ वॅट. स्क्रीन काळी झाल्यावर ४४. स्लीपमध्ये ३. आणि शटडाउन करून, पंखा थांबून, सगळं शांत झाल्यावर मीटरवर २. भाच्याने वाकून बघितलं, "बंद केल्यावर पण?" म्हटलं माउस बघ. माउसखालची लाल लाइट तशीच चालू.

हिशोब असा. २ वॅटचे ४५ टक्के ०.९, ३ चे ५ टक्के ०.१५, ४४ चे १५ टक्के ६.६, ४८ चे ३५ टक्के १६.८. बेरीज २४.४५ वॅट. त्याला ८.७६ ने गुणलं की वर्षाला २१४ युनिट. हिशोबाला सोपं म्हणून युनिटला १० रुपये धरा, २,१४० रुपये झाले, तेही काही न करण्याचे. कॅलिफोर्नियाची दुसऱ्या टप्प्यातली मर्यादा माहितीय किती? साध्या डेस्कटॉपला ५० युनिट, मधल्याला ६०, त्याच्या वरच्याला ७५. लॅपटॉपला ३०. यावर रॅम, जादा हार्डडिस्क, ग्राफिक कार्ड अशा गोष्टींची वेगळी सूट मिळते, पण माझा पीसी सगळ्या सुटी घेऊनही चारी मुंड्या चीत. शेजारीच एका दवाखान्यासाठी आणलेला नवीन मिनी पीसी पॅक सोडून पडला होता, त्याला मीटर लावलं तर शॉर्ट आयडल ८ वॅट, लाँग ६, स्लीप १.२, बंद ०.६, म्हणजे वर्षाला ३५ युनिट. आणि वेगाने माझ्या डब्याच्या कितीतरी पुढे. कमी वीज म्हणजे कमी ताकद हा जो समज आहे ना तो इथेच गळून पडतो.

घरगुती बिल असेल तर अजून एक गोष्ट. आपल्याकडे १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्या वरचा, पुढे अजून वरचा. कॉम्प्युटरचे महिन्याचे १७-१८ युनिट हे नेहमी शेंड्याला लागतात, म्हणजे तुमच्या घरात जो सगळ्यात महाग स्लॅब चालू असेल त्याच दराने. ९० वर असलेलं घर यामुळे शंभरी ओलांडतं आणि मग वरच्या युनिटांना दुसरा दर. पंखा-फ्रिज गरजेचे म्हणून आधी धरले तर रिकाम्या बसलेल्या पीसीचं युनिट हे घरातलं सगळ्यात महागडं युनिट.

आता भाच्याचा खरा प्रश्न, मग डेलचे ते पीसी का अडकले? इथे नियमातली एक गोष्ट आहे जी मला स्वतःला थोडी विचित्र वाटते. ५०, ६० की ७५ हे ठरतं एक्सपांडेबिलिटी स्कोअरवरून. म्हणजे मदरबोर्डवर, सगळे पार्ट ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डावर, पुढेमागे किती गोष्टी जोडता येतील याचे मार्क, यूएसबी पोर्ट किती, कार्डाचे स्लॉट किती, हार्डडिस्कची कनेक्शनं किती, प्रत्येकाला ठरलेले मार्क आणि त्यांची बेरीज. २५० पर्यंत स्कोअर असेल तर ५० युनिट, ४२५ पर्यंत ६०, ६९० पर्यंत ७५, आणि ६९० च्या वर गेलात तर ही मर्यादा तुम्हाला लागूच नाही. कारण त्यांचं म्हणणं, एवढं सगळं जोडता येईल अशा मशीनला मोठा पॉवर सप्लाय लागणारच आणि मोठा पॉवर सप्लाय कमी लोडवर वाया घालवणारच. तत्त्वतः ठीक, पण प्रत्यक्षात होतं काय, की भरपूर पोर्ट असलेला महागडा राक्षस सुटतो आणि मधल्या किमतीचा, कमी स्लॉट असलेल्या कंपनी-मेड बोर्डवर भारी ग्राफिक कार्ड लावलेला पीसी अडकतो. बंगल्याला बिल माफ आणि वन बीएचकेला नोटीस असला प्रकार. आणि हा नियम तयार पीसी विकणाऱ्याला आहे, सुटे पार्ट विकत आणून घरी जोडणाऱ्याला नाही. तिथल्या पोरांनी तेच केलं असणार, मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं.

पण टिंगल करायला नको, कारण नियमाने काम केलंय. कमिशनचा अंदाज होता की डेस्कटॉप बनवायला साधारण १० डॉलर जास्त लागतील आणि पाच वर्षांत विजेचे ४० डॉलरपेक्षा जास्त वाचतील, आणि सगळे जुने कॉम्प्युटर-मॉनिटर बदलून झाले की राज्यात वर्षाला २,३३२ गिगावॅट तास, म्हणजे २३३ कोटी युनिटच्या वर बचत. कॅलिफोर्निया एवढं मोठं गिऱ्हाईक आहे की कंपन्या त्यांच्यासाठी वेगळा आणि बाकी जगासाठी वेगळा बोर्ड बनवत बसत नाहीत. जो बोर्ड तिथे पास होतो तोच तैवान-चीनवरून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात येतो आणि तिथून माझ्याकडे. मी म्हणून भाच्याला सांगितलं, बंदी येणार म्हणून काय घाबरतोस, तो नियम तुझ्या लिस्टमधल्या मदरबोर्डात ऑलरेडी येऊन बसलाय.

हे काही पहिल्यांदा होत नाहीये. नव्वदच्या दशकातले कॉम्प्युटर ज्यांनी बघितलेत, क्लासमध्ये चपला बाहेर काढून, एसी आणि धुळीच्या भीतीने पडदे लावलेल्या खोलीत, त्यांनी आठवून बघा, मशीन चालू केलं की काळ्या स्क्रीनवर रॅम मोजायची आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात एक पिवळा-हिरवा लोगो यायचा, एनर्जी स्टारचा, खाली लिहिलेलं ईपीए पोल्युशन प्रिव्हेंटर. आम्हाला वाटायचं हा कॉम्प्युटर प्रदूषण कसला थांबवतो, अँटिव्हायरस असेल काहीतरी. ईपीए म्हणजे अमेरिकेचं पर्यावरण खातं. त्यांनी १९९२ मध्ये एनर्जी स्टार सुरू केलं आणि पहिल्यांदा हात घातला तो कॉम्प्युटर-मॉनिटरलाच, फ्रिज-एसी नंतर आले. तेव्हा अट साधी होती, वापर नसेल तेव्हा झोप आणि झोपल्यावर ३० वॅटच्या आत रहा. सक्ती नव्हती, ज्याला लोगो पाहिजे त्याने पाळायचं. मग कंपन्या कशा वळल्या? १९९३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला की सरकारी खाती कॉम्प्युटर घेतील ते एनर्जी स्टारचेच. सरकार एवढं मोठं गिऱ्हाईक की कोण नाही म्हणेल. कायद्याचा दंडुका न दाखवता नुसत्या खरेदीच्या जोरावर अख्खी इंडस्ट्री वळवली, मला ही आयडिया त्या कॅलिफोर्नियाच्या मार्कांच्या भानगडीपेक्षा जास्त आवडते.

पंधरा वर्षं नुसती झोपेचीच अट होती आणि लोक झोपेचं सेटिंगच बंद करून ठेवायचे. म्हणून २००७ ला एनर्जी स्टारची चौथी आवृत्ती आली तिच्यात पहिल्यांदा जागेपणी रिकामा असताना किती खातो हे आलं, आणि पॉवर सप्लाय ८० प्लसच्या दर्जाचा पाहिजे हेही, तो दर्जा काय ते पुढे सांगतो. २००९ च्या पाचव्या आवृत्तीत वर सांगितला तसा वर्षाच्या युनिटांचा हिशोब आला आणि पुढे तीच पद्धत युरोपने आणि कॅलिफोर्नियाने उचलली. युरोपचा कॉम्प्युटरचा नियम २०१३ चा, पहिला टप्पा जुलै २०१४ पासून, दुसरा जानेवारी २०१६ पासून. त्यांच्या हिशोबात पीसी दिवसाचे ४० टक्केच चालू धरलाय, अमेरिकनांपेक्षा दोन-अडीच तास कमी. कुठून काढलं देव जाणे, पण वाचताना हसू आलं.

आता एसएमपीएसवर जरा थांबतो कारण खरं पाणी तिथेच मुरतंय. सॉकेटमधून २३० व्होल्ट येतात, आतल्या पार्टना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट लागतात, ते रूपांतर करताना काही वीज गरम होऊन जाते. माझ्या जुन्या पीसीत आत खरी गरज तीसेक वॅटची असेल आणि भिंतीतून ४८ घेतोय, म्हणजे १८ वॅट नुसती मागच्या पंख्यातून गरम हवा. ८० प्लसचं स्टिकर म्हणजे काय, तर २० टक्के, ५० टक्के आणि १०० टक्के लोडवर किमान ८० टक्के वीज पुढे पोचते. ब्राँझ, गोल्ड वगैरे त्याच्या वरच्या पायऱ्या. ऐकायला छान, पण आता भाच्याची लिस्ट बघा, त्यात साडेसहाशे वॅटचा सप्लाय आहे. त्याचे २० टक्के म्हणजे १३० वॅट. पीसी रिकामा बसलेला असताना खाणार पन्नास-साठ. म्हणजे जिथे त्याचा सगळ्यात जास्त वेळ जाणार तो लोड परीक्षेत विचारलेलाच नाही. पोर्शनच्या बाहेरचा धडा, मग कंपनी तो कशाला करेल? फक्त सगळ्यात वरच्या टायटेनियम दर्जाला १० टक्के लोडची अट आहे, आणि त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक दुकानातून परत जातं. म्हणून एसएमपीएस गरजेपेक्षा दुप्पट घ्यायची जी पद्धत पडलीय, असू दे पुढे उपयोगी पडेल म्हणून, ती मला पटत नाही. पाचशे वॅटचा घेतला म्हणजे पाचशे जात नाहीत हे खरं, पण मोठ्या टेम्पोतून रोज एक पेंडी नेल्यासारखं ते होतं.

कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या टप्प्याचा रेटा होता म्हणून इंटेलने एक वेगळ्याच एसएमपीएसचा आराखडा काढला, त्यातून फक्त १२ व्होल्ट बाहेर येतात, बाकीचे ५ आणि ३.३ मदरबोर्डने स्वतः करून घ्यायचे. कमी लोडवर नासाडी कमी होते. मदरबोर्डची ती २४ पिनची जाडजूड कनेक्टर जाऊन १० पिनची येते. ब्रँडेड ऑफिस पीसी उघडला आणि आत नेहमीचा एसएमपीएस बसेना असं झालं तर समजा हाच किंवा असाच काहीतरी प्रकार आहे, माझे असे दोन-तीन वेळा डोक्याला हात लागलेत, कारण पार्ट जळला की बाजारात सहज मिळत नाही. वीज वाचली पण दुरुस्ती महागली, हा हिशोब नियम बनवणाऱ्यांच्या कागदावर कुठे दिसत नाही. असेंबलच्या बाजारात तो अजून फारसा रुळलेला नाही.

लॅपटॉपबद्दल फार लिहायची गरज नाही. तिथे बॅटरीच कायदा आहे. चार तासांत बॅटरी संपली तर गिऱ्हाईक शिव्या घालतं, म्हणून इंजिनिअरांनी कायद्याच्या कितीतरी आधीच प्रोसेसरला क्षणाक्षणाला डुलक्या काढायला शिकवलं. पण तुमच्या लॅपटॉपचा ॲडॅप्टर हातात घ्या, उलटा करा, मागच्या बारीक अक्षरांत एक रोमन आकडा दिसेल, बहुतेक गोलात, सहा किंवा जुना असेल तर पाच. गिऱ्हाईकांना वाटतं तो बॅच नंबर आहे. तो ॲडॅप्टरच्या कार्यक्षमतेचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे, जितका मोठा तितका कडक. सहा हा अमेरिकेत फेब्रुवारी २०१६ पासून सक्तीचा झाला, आणि त्यात लॅपटॉपच्या ६५ वॅटच्या ॲडॅप्टरला अट अशी की नुसता प्लगमध्ये लटकत असेल, पुढे काही जोडलेलं नसेल, तर ०.२१ वॅटच्या वर खायचं नाही. त्याच लेबलवर बीआयएसचं, म्हणजे आपल्या भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि आर ने सुरू होणारा एक नंबर असतो, त्याचा आणि विजेच्या बचतीचा संबंध नाही, तो सुरक्षेचा आहे, शॉक लागू नये, आग लागू नये यासाठीचा. दोन्ही बघून घ्या. डुप्लिकेट ॲडॅप्टरवर दोन्ही छापलेले असतात हा भाग वेगळा.

मग आपल्याकडे काय? आपल्याकडे बीईई, म्हणजे केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, आहे, ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, आणि २००६ पासून ते स्टारचं लेबल, जे आता खेड्यातल्या फ्रिज घेणाऱ्या आजीलाही कळतं, पाच स्टार दे म्हणते. फ्रिजला सक्ती, एसीला सक्ती, २०२३ पासून सीलिंग फॅनलाही सक्ती. लॅपटॉपसाठी बीईईचं लेबल आहे पण ऐच्छिक, कंपनीला वाटलं तर लावेल, आणि खरं सांगतो माझ्या दुकानात आजवर एकाही गिऱ्हाईकाने ते विचारलेलं नाही. माझ्यासारखा असेंबल करून देतो त्या डेस्कटॉपला तर कुणी काही विचारत नाही. प्रोसेसर कुठला, रॅम किती, वॉरंटी किती, आणि लाइटिंगवाला पंखा आहे का, एवढंच.

आणि आपल्याकडची एक गोष्ट तर कुठल्याच नियमात नाही, ती म्हणजे यूपीएस. लोडशेडिंगच्या दिवसांपासून आपल्याला सवय आहे, पीसी म्हटला की खाली यूपीएस, आणि पीसी बंद केला तरी यूपीएसचा स्विच कोण बंद करतंय. मी माझ्या यूपीएसला मीटर लावलं, पुढे काहीच चालू नाही, बॅटरी फुल, तरी ९ वॅट. बारा महिने तेरा काळ. वर्षाला ७९ युनिट. म्हणजे कॅलिफोर्नियात जेवढ्यात अख्खा वरच्या पट्टीचा डेस्कटॉप बसवायची सक्ती आहे त्याच्यापेक्षा जास्त माझा यूपीएस नुसता पिवळी लाइट लावून बसायला खातो. हे बघून भाच्यापेक्षा मीच जास्त गप्प झालो.

शेवटी भाच्याचा पीसी बनवला. साडेसहाशेच्या ऐवजी साडेपाचशेचा गोल्ड एसएमपीएस घातला, ग्राफिक कार्डची मागणी बघून हिशोब करूनच, उगाच कमी घालून मग गेममध्ये मशीन बंद पडायला नको. विंडोजमध्ये दहा मिनिटांनी स्क्रीन बंद, अर्ध्या तासाने स्लीप असं करून दिलं, कॅलिफोर्नियात तयार पीसी विकताना कंपनीने हे असंच लावून द्यायचं असतं, स्क्रीनला पंधरा मिनिटं आणि झोपेला तीस. तो म्हणाला स्क्रीनसेव्हर लाव ना मस्तपैकी. म्हटलं अरे स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, उलट ग्राफिक कार्डाला कामाला लावतो, तो जुन्या डब्यासारख्या मॉनिटरच्या काचेवर एकाच चित्राचा डाग पडू नये म्हणून होता.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, गेलो. तिथे पॉवरच्या पानावर ईआरपी नावाचं एक सेटिंग असतं, जवळजवळ प्रत्येक मदरबोर्डवर असतं आणि जवळजवळ प्रत्येक मदरबोर्डवर बंद असतं. हे युरोपच्या इको-डिझाइनच्या नियमांचं नाव आहे. आपण पीसी बंद करतो तेव्हा एसएमपीएसची बाकी सगळी लाइन बंद होते पण एक जांभळी वायर जिवंत राहते, ५ व्होल्टची, तिच्यावर पॉवर बटण वाट बघत असतं, आणि जाता जाता यूएसबी, लॅनचं पोर्ट, बोर्डवरच्या रंगीत लाइटा हे सगळे त्याच वायरवर फुकट जेवतात. ईआरपी चालू केलं की बटण सोडून बाकीच्या सगळ्यांचं जेवण बंद. चालू केलं, सेव्ह केलं, शटडाउन केला. मीटर १.९ वरून ०.४ वर आलं आणि माउसची लाल लाइट गेली. भाचा खूश, व्हिडिओ काढला, स्टेटसला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ताईचा फोन. काय केलंस रे त्या कॉम्प्युटरला, हा रात्री त्यालाच मोबाईल चार्जिंगला लावून झोपतो, सकाळी उठून बघतो तर मोबाईल बंद, अलार्म वाजलाच नाही, क्लासची बस गेली.